नॉरिचचे साडू

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर म्हणालीस ना, बाबा इथे काही नाही, एक किल्ला नि पाऊस, बघायचं ते सगळं लंडनला, तेव्हा मी गप्प बसलो कारण आईचा तुपाचा विषय चालला होता. पण रात्रभर ते डोक्यात राहिलं. अगं, तुझ्या त्या नॉरिचमध्येच (डब्ल्यू म्हणायचा नाही, तूच शिकवलंस) लंडनची वाट न बघता चित्रकारांची एक आख्खी फळी उभी राहिली. नॉरिच स्कूल म्हणतात. स्कूल म्हणजे शाळा नव्हे, गाण्यात आपण घराणं म्हणतो ना, तसं.

मूळ माणूस जॉन क्रोम. विणकराचा पोरगा, जन्म १७६८चा. आधी एका डॉक्टरकडे सांगकाम्या, मग सात वर्षं बग्ग्या नि पाट्या रंगवणाऱ्याकडे उमेदवारी. म्हणजे साइनबोर्ड पेंटरच की! पुढे पोटासाठी श्रीमंतांच्या मुलींना ड्रॉइंग शिकवायचा, नंतर तिथल्या ग्रामर स्कूललाही शिकवलं. आता कळलं तुला, मला तो का आवडतो? तीस वर्षं इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला पोरं बसवली मी, रविवारचा वेळ स्वतःच्या चित्राला मिळाला तर मिळाला.

त्याचा मित्र रॉबर्ट लॅडब्रुक. दोघांनी सख्ख्या बहिणींशी लग्नं केली, म्हणजे साडू, आणि दोघांनी मिळून १८०३ला नॉरिच सोसायटी ऑफ आर्टिस्ट्स काढली, १८०५पासून प्रदर्शनं. १८१६ला साडवांचं बिनसलं, लॅडब्रुकने काही जणांना घेऊन वेगळं प्रदर्शन मांडलं, ते तीन वर्षांत आटोपलं. आपल्याकडच्या गणेश मंडळांची आठवण झाली मला.

यांनी काढलं काय, तर ओकचं झाड, ओसाड माळ, नदी, नदीकडून दिसणारी घरांची मागची बाजू. देव नाहीत, लढाया नाहीत. नॉरिचच्या भोवतालचा नॉरफोक परगणा सपाट, आभाळच जास्त, समुद्रापलीकडे हॉलंड, तेही तसंच सपाट, आणि नॉरिचच्या पैसेवाल्यांकडे डच चित्रं होती ती बघून बघून क्रोम शिकला, हॉब्बेमा हा डच चित्रकार त्याचा जीव की प्राण. क्रोमने काढलेला तो माउसहोल्ड हीथचा माळ अजून आहे तिथे, पूर्वीपेक्षा बराच लहान झालाय, पण चालत जाऊन ये. चित्र मात्र लंडनला टेट गॅलरीकडे आहे, ते असो.

पण खरं सांगू, माझा जीव कॉटमनवर. जॉन सेल कॉटमन, याच घराण्यातला. वॉटरकलरमध्ये आपण पोरांना सांगतो ना, ओल्यात ओलं सोडा, मिसळू द्या, हा बाबा नेमकं उलटं करतो. सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, कडा धारदार, एक रंग वाळला की शेजारी दुसरा, आणि उजेड हवा तिथे कागद कोरा. ग्रेटा ब्रिज म्हणून तेव्हाच्या यॉर्कशरमधल्या पुलाचं चित्र आहे, १८०५च्या सुमाराचं, बघून वाटतं शंभर वर्षांनंतर कुणी काढलंय. कोरा कागद सोडायला छाती लागते. माझ्याच्याने अजून होत नाही, शेवटी हात शिवशिवतो आणि मी तिथे काहीतरी पिवळट लावून ठेवतो. एवढं असून बिचाऱ्याची चित्रं हवी तशी खपली नाहीत, मन सारखं खचायचं, १८३४ला नोकरीसाठी लंडनला गेला, पुन्हा ड्रॉइंग मास्तरच, किंग्ज कॉलेज स्कूलमध्ये. तिथे त्याच्या वर्गात एक पोरगा होता रोझेट्टी, तो पुढे चित्रकार म्हणून केवढा नावाजला! १८४२ला कॉटमन गेला.

आणि गंमत ऐक, कॉटमनचाही एक साडू याच मंडळीत. जॉन थर्टल. फ्रेमा बनवायचा धंदा आणि वॉटरकलर फार नाजूक. पण आकाशात नीळ वापरलेली, ती उजेडाने उडाली नि खालचा तांबडा वर आला, त्यामुळे त्याची भर दुपारची आकाशं आता संध्याकाळसारखी दिसतात. मी हे फक्त स्क्रीनवर बघितलंय, स्क्रीनचा काय भरवसा.

यातलं पुष्कळ त्या तुझ्या किल्ल्यातच आहे गं, नॉरिच कॅसल म्युझियममध्ये. मोहरीवाले कोलमन, त्या घराण्याने गोळा करून गावाला दिलं. वॉटरकलर सगळे कायम लावलेले नसतात, तेव्हा आधी विचारून जा. ऑइलमध्ये याच मंडळीतल्या स्टॅनर्डचं, नॉरिचजवळच्या थॉर्पच्या जलविहाराचं मोठं चित्र आहे, एका काठाला बडी मंडळी, दुसऱ्या काठाला विणकर-कामगारांची गर्दी, त्यापुढे जरा वेळ उभी राहा.

थर्टल लावलेला असला तर फोटो पाठवू नको. फोन करून नुसतं सांग, आकाश किती तांबूस दिसतंय ते. आणि आई विचारतेय, तूप उरलंय का संपलं.

तुझा,
बाबा