काकूंना फ्योर्ड दाखवायचा तर

बर्गन,
१२ जानेवारी

प्रिय अनिरुद्ध,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा नऊ दिवसांचा कार्यक्रम मिळाला. जूनमध्ये तू, वहिनी, मुले आणि काकू असे सगळे इकडे नॉर्वेला येणार, हे वाचल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. कार्यक्रम मी दोनदा वाचला, तिसऱ्यांदा नकाशा पुढ्यात घेऊन वाचला, आणि जुन्या मैत्रीच्या हक्काने सांगतो की त्यातला निम्मा प्रवास तू काढून टाक. बर्गन शहर, हार्डांगर, सोग्न, गैरांगर हे फ्योर्ड, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेले समुद्राचे चिंचोळे फाटे, आणि वर ट्रोलस्टिगनचा घाट, हे सगळे नऊ दिवसांत गाडीने होते. पण मग काकूंच्या वाट्याला फ्योर्डऐवजी गाडीची मागची सीटच येईल.

आम्ही इथे आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात बर्गनहून गैरांगरला एका दिवसात जायचा घाट घातला होता. अंतर जेमतेम चारशे किलोमीटर, म्हणून दुपारपर्यंत पोहोचू असा माझा हिशेब. वाटेत फेरीबोटीची रांग, गावागावांतून ५० ची आणि बाहेर ८० ची वेगमर्यादा, शेवटी उतरणीची वळणे. मुलीला तीनदा उलटी झाली आणि मुक्कामी पोहोचायला रात्रीचे साडेदहा वाजले. बाहेर लख्ख उजेड होता, समोर तो जगप्रसिद्ध फ्योर्ड होता, आणि आम्ही पडदे ओढून झोपलो. त्याची खंत मला आजही वाटते.

म्हणून गैरांगर आणि ट्रोलस्टिगन या खेपेला सोडून दे. ट्रोलस्टिगन तर २०२४ च्या उन्हाळ्यात दगड कोसळण्याच्या धोक्यामुळे बंद ठेवावा लागला होता, तेव्हा सगळी सहल त्याच्या भरवशावर आखणे मला बरोबर वाटत नाही. बर्गनला आमच्याकडे दोन रात्री, हार्डांगरला तीन आणि सोग्नकडच्या औरलान गावी तीन, एवढेच मुक्काम ठेव. सामान दोनदाच बांधावे लागेल.

हार्डांगरच्या वाटेवर स्टाइन्सडाल्सफॉसेन नावाचा धबधबा आहे. थोडा चढ चढून गेले की पायवाट थेट पाण्याच्या पडद्यामागून जाते आणि अंग भिजत नाही. काकूंच्या गुडघ्यांना तेवढे झेपेल असे वाटते. पुढे फ्योर्डच्या दोन्ही काठांवर सफरचंदाच्या बागा आहेत. त्यांचा बहर मे महिन्यात असतो, तो तुम्हाला मिळणार नाही. तरीही मी जूनचाच आग्रह धरतो, कारण वरच्या डोंगरातले बर्फ तेव्हा वितळत असते आणि १८२ मीटरचा वोरिंग्सफॉसेन धबधबा भरात असतो, शिवाय औरलानहून डोंगरावर जाणारा रस्ता साधारण जूनच्या सुरुवातीलाच उघडतो. मुलांची शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, म्हणजे पहिला आठवडा हाच आपला मुहूर्त.

औरलानचे तीन दिवस मात्र कशासाठीही कमी करू नकोस. तिथून जवळच नेरॉयफ्योर्ड आहे, २००५ पासून जागतिक वारसा यादीत असलेला, आणि एके ठिकाणी जेमतेम अडीचशे मीटर रुंद. तो रस्त्यावरून फारसा दिसत नाही, पाण्यावरूनच पाहावा लागतो. फ्लोमला गाडी ठेवून गुडवांगेनपर्यंत बोटीने जायचे आणि बसने परतायचे. या बोटी बॅटरीवर चालतात. कठड्याला टेकून उभे राहिले की इंजिनाची घरघर नसते, फक्त दोन्ही कड्यांवरून उतरणाऱ्या पाण्याच्या धारांचा आवाज, आणि कड्याच्या अर्ध्यावर चरणाऱ्या शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा.

काकूंना दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीची सवय आहे, त्यामुळे इथे गाडी बोटीवर चढवायचे त्यांना नवल वाटणार नाही. पण खाडी आणि फ्योर्ड यांतला फरक त्यांना जरूर सांग. आपली खाडी नदीच्या मुखाशी समुद्र आत शिरून झाली. फ्योर्ड हिमनदीने खडक खरवडून कोरला. बर्फ आत जाड होता आणि मुखाशी पातळ, म्हणून सोग्नेफ्योर्ड आतमध्ये १३०० मीटर खोल आहे आणि समुद्राला मिळतो तिथे उथळ.

एक दिवस औरलानहून स्टेगास्टाइनच्या सज्जावर जा. पाण्यापासून साडेसहाशे मीटर उंचीवर तीस मीटर पुढे काढलेला लाकडी सज्जा, आणि त्याच्या टोकाला फळ्या खाली वळून नाहीशा होतात, उरते ती फक्त काच. मुलांचे हात धरून ठेवा. पुढे डोंगरमाथ्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाडीहून उंच बर्फाच्या भिंती असतील. लॅर्डालला उतरून परतताना साडेचोवीस किलोमीटरच्या बोगद्यातून या. वाहनचालकाला झापड येऊ नये म्हणून त्यात तीन ठिकाणी प्रशस्त गुहा कोरून निळा प्रकाश सोडला आहे, तळाशी पहाटेसारखी पिवळी झाक दिलेली. माझी मुलगी अजून प्रत्येक वेळी त्या मोजते.

बाकी किरकोळ. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढ, गाडी ऑटोमॅटिक घे, कारण उजवीकडून चालवताना गिअरचे व्यवधान नको. हेडलाइट दिवसाही लावावेच लागतात. टोल कॅमेऱ्यातून परस्पर आकारला जातो. रविवारी मोठी दुकाने बंद असतात, तेव्हा वाणसामान शनिवारीच भर. काकू माझ्यासाठी घरचे तूप आणणार हे वाचून डोळे भरून आले, पण युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ इथे आणू देत नाहीत. त्यांना मेतकूट आणि आमसुले आणायला सांग.

उत्तर पाठवशील तेव्हा धाकट्याची उंची कळव. १३५ सेंटीमीटरहून कमी असेल तर गाडीत त्याला वेगळी सीट लागेल, ती मी इथे मागून ठेवतो. आणि काकूंना जिने चढणे कितपत जमते तेही लिही, म्हणजे औरलानची खोली तळमजल्यावरची, पाण्याकडे खिडकी असलेली घेता येईल.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास