सूचना : रविवारची श्रवणसभा, मंक–कोल्ट्रेन आणि माइल्स डेव्हिस

येत्या रविवारी सायंकाळी ठीक ६ वाजता जमायचे आहे. दोन्ही जॅझ ध्वनिमुद्रणे १९५७ ची, आठवड्याभराच्या अंतरातली.

पहिले २९ नोव्हेंबरचे, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधले : पियानोवादक थेलोनियस मंक यांची चौकडी (चार वादकांचा संच), सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी नभोवाणीने केलेली ही टेप लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पडून होती. ती २००५ मध्ये तिथले कर्मचारी लॅरी अ‍ॅपलबॉम यांना सापडली. मुद्रण मोनो (एकाच ध्वनिमार्गाचे) आहे, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर मोनोवरच ठेवू. ट्रेबल (उंच स्वरांची पातळी) वाढवू नये, टेपची खरखरच वर येते. शेवटची 'एपिस्ट्रॉफी' ही रचना अर्ध्यात तुटते. तो आपल्या यंत्राचा दोष नव्हे, मुद्रणच तेवढे आहे.

दुसरे ४-५ डिसेंबरच्या रात्री पॅरिसमध्ये, फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांच्या चित्रपटासाठी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी पडद्यावरची दृश्ये पाहत वाजवलेले. मूळ तबकडीत नंतर प्रतिध्वनी मिसळला होता. त्याविना असलेले टेक (एका दमात केलेली मुद्रणे) नंतरच्या सीडीत आहेत. ते आधी ऐकू. ट्रम्पेटचा श्वाससुद्धा कळतो, आणि आमच्या मते तेच खरे रूप.

घरच्या जुन्या रीळ टेप आणणाऱ्यांनी कृपया वेग (इंच प्रतिसेकंद) खोक्यावर लिहावा. टेप चालताना किंचाळत असेल किंवा हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिकट थर बसत असेल, तर ताबडतोब थांबवा. ओलाव्याने टेपमधला चिकटद्रव्याचा थर बिघडलेला असतो. तशीच वाजवल्यास आवाज साठवणारे ऑक्साइड खरवडून निघते आणि आवाज कायमचा जातो. अशी टेप न वाजवता आणावी.