तिकीट काढण्याआधी भेटलात, म्हणून आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर उद्या सकाळीच टेबलापाशी बोलावून "हे काय नवीन काढलंस?" म्हणाल. बेलापूरच्या आपल्या ऑफिसात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि बाहेरच्यांनी एवढंच समजावं की एका केंद्र सरकारी कार्यालयात बिल सेक्शनला बसणाऱ्या एका बाईंचे मला चारचौघांत आभार मानायचे आहेत. अंदमानच्या एलटीसीचं, म्हणजे रजेत सहकुटुंब केलेल्या ज्या प्रवासाचं भाडं सरकार देतं त्याचं, माझं बिल पास झालं. एकही ऑब्जेक्शन लागलं नाही. आपल्याकडे ही बातमी आहे.

केंद्र सरकारी नोकरानं विमानाचं तिकीट काढणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. माझा मेहुणा खासगी कंपनीत आहे. रात्री जेवताना मोबाइल काढतो, दोन-तीन ॲप चाळतो, कार्डावरची सवलत लावतो आणि हात धुवायला उठेपर्यंत तिकीट काढून मोकळा. आम्हाला बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीन सरकारमान्य एजंटांकडूनच तिकीट घ्यावं लागतं असं सांगितलं, तर म्हणाला, "पण इथे स्वस्त दिसतंय ना? सरकारचेच पैसे वाचतील की!" आता याला काय उत्तर देणार? त्याचं म्हणणं खोटं नाही. स्वस्तात स्वस्त घ्या असं आपला नियमच सांगतो. कुठून घ्यायचं तेही तोच सांगतो, आणि दोन्ही गोष्टी एका वेळी जमतातच असं नाही.

पूर्वी एअर इंडियाच घ्यावी लागायची. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडे गेली तेव्हा कॅन्टीनमध्ये सगळे खूश होते, आता मोकळे झालो म्हणून. जूनमध्ये अर्थ मंत्रालयाचा ओएम, म्हणजे नियम सांगणारं कार्यालयीन पत्रक, आला. तीन तासांचा एक स्लॉट, त्या स्लॉटमधलं सगळ्यात कमी भाड्याचं आणि शक्यतो थेट जाणारं विमान. तिकीट प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी काढावं. दौऱ्याचं तिकीट ७२ तासांच्या आत काढलं तर कारण लिहून द्या, २४ तासांच्या आत रद्द केलं तरी कारण लिहून द्या. यातलं एकेक कलम वाचलं तर चुकीचं काहीच नाही. लोकांच्या करातून भाडं जातं, ते जपून खर्च व्हायलाच हवं. पण पाच माणसं, त्यात दोन म्हातारी, आणि वर साहेबांनी अजून रजा मंजूर केलेली नाही, अशा वेळी ही सगळी कलमं एकाच संध्याकाळी पाळायची असतात. एका पोर्टलवर तर पाचही जणांची नावं आणि जन्मतारखा भरून झाल्या की सेशन संपायचं. पुन्हा आत शिरावं, तर भाडं चढलेलं.

अशा अवस्थेत मी तुमच्याकडे आलो, आणि खरं सांगतो, घाबरतच आलो. बिल सेक्शनला माणूस जातो तो प्रवास झाल्यावर, फाईल घेऊन. तेव्हा तुम्ही लाल पेनानं गोल करता आणि आम्ही बाहेर येऊन तुमच्या नावानं खडे फोडतो. तिकीट काढण्याआधी कोणी विचारायला येतच नाही, असं तुम्हीच त्या दिवशी म्हणालात. डब्याचं झाकण लावलंत, वापरलेल्या कागदाची कोरी बाजू पुढे ओढलीत आणि पेन्सिलीनं पहिला प्रश्न लिहिलात: "लेव्हल?"

माझी पगाराची लेव्हल ७. म्हणजे दौऱ्यावर विमान चालतं, एलटीसीला चालत नाही, एसी टू टिअरच. हे मला माहीत होतं. गावी जाण्यासाठीची एलटीसी अंदमानला फिरवून घेता येते आणि त्या सवलतीत आमच्यासारख्यांनाही थोडं विमान मिळतं, हेही ऐकून होतो. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. तिथलं रेल्वेभाडं ते किती, म्हणून ही एलटीसी मी कधी मनावरच घेतली नव्हती. पण ऑफिसात जो उठतो तो कोलकात्याचं सांगतो: हावड्यापर्यंत रेल्वे, पुढे विमान. मी ठाण्याहून पंचाहत्तरीच्या वडिलांना घेऊन गीतांजली एक्स्प्रेसनं तीस-बत्तीस तास बसायच्या तयारीत होतो.

तुम्ही कागदावर तीन गावं लिहिलीत. कोलकाता, चेन्नई, विशाखापट्टणम. "तिन्हीपैकी कुठूनही पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, विमानानं गेलेलं नियमात चालतं. सगळे कोलकात्यालाच का धावतात, मला कळत नाही." चेन्नईच्या गाडीला कल्याणला बसायचं, एक रात्र आणि पुढचा दिवस, झालं. अंतर पाहिलं तर कोलकात्यापेक्षा जवळजवळ सातशे किलोमीटर कमी. शिवाय आम्हाला हव्या त्या तारखेला चेन्नईहून विमानाचं भाडंही कमी होतं. नियम तोच, सवलतीचा ओएम तोच, इतकी वर्षं सगळ्यांच्या ड्रॉवरमध्ये पडलेला. तो कोणी शेवटपर्यंत वाचलेला नव्हता, एवढंच.

दुसरी गोष्ट तर ओएममध्येही नाही. मी पाच जणांचं भाडं एकत्र शोधत होतो. तुम्ही म्हणालात, आधी एका माणसाचं टाकून बघ. टाकलं, आणि माणशी भाडं खाली आलं. विमान कंपन्या एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत ठेवतात. खालच्या भावात तीनच जागा उरल्या असतील आणि आपण पाच मागितल्या, तर पाचही जागा वरच्या भावानं समोर येतात. "तिघांचं एक काढ, दोघांचं एक काढ. पीएनआर दोन झाले म्हणून काय झालं? माणशी तिकीट एकच आहे ना?" हे तुम्हाला तुमच्या मुलीनं शिकवलं म्हणालात. तिचेही आभार.

मग प्रिंट. त्याच्यासाठी तुम्ही मला तीनदा बजावलंत. पैसे भरण्याआधीची स्क्रीन, ज्यात त्या स्लॉटमधली सगळी विमानं आणि त्यांची भाडी दिसतात, ती छापून ठेवायची. नंतर ते पान परत दिसत नाही आणि सगळ्यात स्वस्त तेच घेतलं हे सिद्ध करायला हातात काही राहत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ याच पानापायी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करत बसले होते. ते पान बिलाला पहिल्यांदा टाचलं, तिकिटांच्याही आधी.

आईला खिडकी हवी होती. सीटचे पैसे बिलात घालू का विचारलं, तर तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणालात, "खिडकी तुझ्या खिशातून." घेतली. समुद्र दिसायला लागल्यावर ती जे बोलायची थांबली, ते विमान उतरेपर्यंत.

रजेचं काम तुम्ही अंगावर घेतलंत, ते मात्र तुमच्या टेबलाचं नव्हतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, विमानाचं २१ दिवस आधी तरी उरकायला हवं, आणि साहेब रजेवर सही करणार आदल्या आठवड्यात! तुम्ही स्वतः उठून गेलात आणि त्यांना सांगितलंत की रजा उशिरा मंजूर झाली तर भाडं चढेल आणि ते सरकारच भरेल. सही त्याच दिवशी झाली. रजा मिळावी म्हणून आम्ही आजवर आजारपणं आणि लग्नं सांगत आलो. सरकारी खर्चाचं कारण कोणाला सुचलं नव्हतं.

वडिलांनी सेल्युलर जेल बघितलं. सावरकरांच्या कोठडीपर्यंतचे जिने ते माझा हात न धरता चढले. याहून जास्त मी इथे लिहीत नाही, भेटल्यावर ते स्वतःच सांगतील, आणि तासभर सांगतील. आईनं तुमच्यासाठी गावची आमसुलं काढून ठेवली आहेत. कर्मचाऱ्यानं कर्मचाऱ्याला आमसुलं देण्यावर कुठला ओएम असेल तर तोही दाखवा, म्हणजे त्याप्रमाणे अर्ज करतो.

एक काम परत तुमच्याकडेच येणार आहे. आमच्या सेक्शनमधला एक जण श्रीनगरला जायचं म्हणतोय, लेव्हल ६. दिल्लीबरोबर अमृतसरहूनही विमान चालतं हे मी त्याला सांगितलं. ही सवलत सध्या २५ सप्टेंबर २०२६ पर्यंतच आहे हेही सांगितलं. पण त्यानं अजून रजेचा अर्ज टाकलेला नाही आणि ॲपवर भाडी बघत बसलाय. सोमवारी तुमचा डबा झाल्यावर त्याला खाली पाठवतो. आधी अर्ज लिहून घ्या, मगच पेन्सिल काढा.

आपला नम्र,
तिसऱ्या मजल्यावरचा, लेव्हल ७