सिस्टर, त्या आंघोळीबद्दल

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण ब्रिस्बेनच्या त्या वॉर्डात मराठी बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात, त्यामुळे पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेल.

प्रशांत महासागरातल्या नाउरू बेटावरच्या, ऑस्ट्रेलियानं निर्वासितांना ठेवलेल्या कॅम्पातून आणलेली ती रोहिंग्या बाई आणि तिची लेक गेल्या आठवड्यात न्यूझीलंडला गेल्या, कायमच्या. विमानतळावर माझा हात धरून ती म्हणाली, "उस सिस्टर को बोलना." पुढचं तिला बोलवेना. तिच्या हिंदीची दुभाषी मीच होते, तेव्हा हेही मीच पोचवायला हवं.

२०१८ मध्ये तिची लेक तुमच्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. खाणंपिणं सोडलेलं, बोलणं थांबलेलं, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून. त्या वर्षी नाउरूवरच्या कितीतरी मुलांची हीच गत झाली होती. जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट, फॉस्फेट खणून खणून मधोमध ओसाड झालेलं. आसरा मागायला होडीनं येणाऱ्यांना ऑस्ट्रेलियात कधीच थारा नाही, असं इथल्या सरकारनं जुलै २०१३ मध्ये जाहीर केलं आणि माणसं तिकडे नेऊन ठेवली. पोरीला तातडीनं हलवा, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, आणि शेवटी कोर्टाचा आदेश आणावा लागला. आजारी लेकरू दवाखान्यात न्यायला न्यायाधीश लागावा! त्या टेबलांमागे बसलेल्यांनी एकदा तरी त्या मुलीकडे पाहायला हवं होतं. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं वाटतही नाही.

औषधं, सलाईन, नळीवाटे दूध हे सगळं तुम्ही केलंत. पण त्या आईच्या मनात राहिलंय ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिला बाथरूम दाखवलंत. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली, अंगावर अर्धा साबण तसाच. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तिला विचारलं. कॅम्पात गोडं पाणी कमी, आंघोळीला दोन मिनिटं, आणि बाहेर पहारेकरी उभा. पाच वर्षांची सवय. तुम्ही काहीच बोलला नाहीत. कपाटातून कोरा टॉवेल काढलात, दाराशी बसलेल्या गार्डला खुर्ची लांब न्यायला सांगितलंत आणि मला म्हणालात, "तिला सांगा, गरम पाणी संपत नाही इथे. पोरीपाशी मी बसते." आणि खरंच बसलात. तुमची ड्यूटी संपली होती, पायात बाहेरच्या चपला होत्या. ती किती वेळ आत होती कोण जाणे. मधे रडण्याचा आवाज आला तेव्हा मी उठू लागले, तर तुम्ही मानेनंच "राहू दे" म्हणालात.

एवढं तिला कुणी दिलं नव्हतं, सिस्टर. दार आतून लावायचं आणि घाई करायची नाही.

याच शहरात फेब्रुवारी २०१६ मध्ये लेडी सिलेंटो बालरुग्णालयाच्या डॉक्टरांनी भाजलेल्या तान्ह्या मुलीला नाउरूला परत जाण्यासाठी सोडायला नकार दिला होता. राहायला धड जागा मिळेपर्यंत डिस्चार्ज नाही, म्हणाले. बाहेर रस्त्यावर लोक रात्रंदिवस उभे होते. बातमी वाचली तेव्हा मला ती मोठी लढाई वाटली होती. तुम्हाला पाहिल्यावर उमगलं, त्या डॉक्टरांनी फक्त आपलं काम नीट केलं होतं. पेशंट म्हणजे पेशंट, तो होडीनं आला की विमानानं हे विचारायचं नाही. मिरजेच्या दवाखान्यांत तुम्ही हेच शिकलात असं एकदा बोलून गेला होतात.

२०२३ मध्ये नाउरू जवळजवळ रिकामं झालं, आणि काही महिन्यांतच तिथे पुन्हा माणसं पाठवायला सुरुवात झाली. पुन्हा कुणाची तरी आई तिथे असेल. म्हणूनही हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मुलगी आता बोलते, भरपूर बोलते, आईला बोलू देत नाही इतकं. तिला तुमच्याशी बोलायचंय. तुमची हरकत नसेल तर तुमचा नंबर त्यांना देते. दोन ओळींत कळवा, रोज विचारताहेत दोघी.

तुमची,
वॉर्डातली दुभाषी