सोमर्टनच्या माणसाला नाव आहे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या सोमर्टन बीचवर १९४८ मध्ये सापडलेल्या अनोळखी माणसाच्या ‘गूढ हत्ये’वरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला आणि राग आला म्हणून लिहितोय. सगळा लेख रशियन हेर, सांकेतिक अक्षरं आणि विषावर, या प्रकरणात जिचा फोन नंबर सापडला त्या नर्सला तर पार प्रेयसी करून टाकलंय, आणि मेलेल्या माणसाचं नाव कुठेच नाही! अहो, प्रा. डेरेक ॲबट आणि वंशावळतज्ज्ञ कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी २०२२ मध्येच पोलिसांनी बनवून घेतलेल्या मृताच्या चेहऱ्याच्या प्लास्टरच्या साच्यात अडकलेल्या केसांच्या डीएनएवरून नाव काढलंय, कार्ल वेब, जन्म १९०५, मेलबर्नचा. पोलिसांनी तेव्हा लगेच दुजोरा दिला नव्हता हे मान्य, मग तसं लिहा ना. त्याच्या बॅगेतल्या टायवर लिहिलेल्या ‘टी. कीन’ या नावाचं तुम्ही केवढं गूढ केलंय, पण वेबच्या बहिणीच्या नवऱ्याचंच नाव थॉमस कीन होतं.

आणि ‘हत्या’ कशावरून? मृत्यू कशाने झाला हे कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) चौकशीतही ठरलं नाही.

खरं पोलिसी काम बघायचं तर डिटेक्टिव्ह सार्जंट लिओनेल लीनच्या वेळचं बघा. ॲडलेड स्टेशनच्या सामानघरात पडून राहिलेली बॅग जानेवारी १९४९ मध्ये सापडली, त्यात नारिंगी मेणदोरा होता, आणि तसल्याच दोऱ्याने मृताच्या पँटचा खिसा आतून शिवलेला होता, म्हणून बॅग त्याची ठरली. याला लेखात एक ओळ नाही.

मला हे एवढं लागतं कारण माझ्या आजीचा धाकटा भाऊ दाभोळच्या खाडीत होडी घेऊन गेला तो आलाच नाही. पुढे एक प्रेत किनाऱ्याला लागलं, कपड्यांवरून कुणाला ओळखू येईना, बेवारस म्हणून पुरलं. तो आपलाच होता का, हे आजी शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, आम्हा पोरांनासुद्धा. नाव लागणं म्हणजे काय असतं ते अशा घरात विचारा. वेबच्या घरच्यांना सत्तरेक वर्षांनी ते मिळालं आणि तुम्ही ते गाळलंत.

अजून एक, मृतदेहाच्या चेहऱ्याचा एवढा मोठा फोटो रविवारी सकाळी कशाला? घरात लहान मुलं पेपर उघडतात.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, त्याच पुरवणीत छापा, नावासकट.

आपला,
एक जुना वाचक, दापोली