आधी गरज विचारा, मग मत मागा

महोदय,

गणेशोत्सव आटोपला की मंडळांत हिशेबाच्या कुरबुरी सुरू होतात आणि त्या अबोल्यावर जातात. भांडण अडते ते मागणीपाशी. त्यामागची गरज कोणी विचारतच नाही. 'आरती सातलाच' आणि 'नऊलाच' या झाल्या मागण्या. एका घरची सून मकरपुऱ्याहून आठला परतते, दुसऱ्या घरच्या आजोबांना साडेआठला जेवून गोळी घ्यायची असते, ही गरज. ती कळली की आठ वाजून पाच मिनिटांची वेळ आपोआप सुचते. मतदान घाईने घेतले तर हरलेले गप्प बसतात आणि पुढच्या वर्षी वर्गणीला दार उघडत नाहीत.

व्हॉट्सॲपवर वाद मिटत नाही. तिथे सूर कळत नाही आणि प्रेक्षक असले की माघार जड जाते. समोरासमोर बसा. खजिनदारावरच आक्षेप असेल तर बैठकीचे अध्यक्षपद तिसऱ्याकडे द्या. प्रत्येकाला अखंड पाच मिनिटे, आणि उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे. नेमके हेच सगळे टाळतात! आवाज चढले तर वीसेक मिनिटे चहा. शेवटी कोण, काय, कधीपर्यंत हे लिहून सह्या. 'सर्वांनी सहकार्य करावे' हा ठराव नव्हे.

रात्री दहानंतरचा भोंगा मात्र तडजोडीचा विषय नाही, तिथे नियम आहे. घरात मारहाण होत असेल तर समेटाची बैठक घेऊच नये, आधी सुरक्षितता. कोर्टात गेलेला दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

– काही जुने कार्यकर्ते, दांडिया बाजार, वडोदरा