बुकमार्क द्या, पण टिकणारा आणि न पडणारा

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

विषय तसा लहान आहे पण रोज वाचणाऱ्या प्रत्येकाला तो छळतो, म्हणून लिहितेय. पुस्तकात खूण कशाने ठेवायची?

मी मुलुंडहून सीएसएमटीला जाते, रोज पाऊण-एक तास लोकलमध्ये, आणि माझं बहुतेक वाचन लेडीज डब्यातच होतं. विंडो सीट मिळाली तर ठीक, नाहीतर एका हाताने हँडल धरायचं आणि दुसऱ्या हातात पुस्तक. स्टेशन आलं की पुस्तक घाईत पर्समध्ये कोंबायचं, तेवढ्यात आतली कागदी पट्टी सटकते आणि डब्यात पायाखाली जाते. संध्याकाळी परत पान शोधा, आणि पान सापडलं तरी त्यातली ओळ कुठली ते आठवत नाही, मग अर्धं पान पुन्हा वाचायचं. रेशमी फीत असलेलं पुस्तक असेल तर हा त्रास निम्मा कमी होतो, पण आपल्याकडच्या साध्या पेपरबॅकला ती कुठे असते?

लहानपणी आम्ही मोरपीस ठेवायचो, पिंपळाचं जाळीदार पान ठेवायचो, ते सुंदरच होतं. पण आता पुस्तकं बरीचशी वाचनालयाची असतात आणि त्यांची काळजी जास्त घ्यावी लागते. मी जिथून पुस्तकं आणते तिथे कितीतरी पुस्तकांची पानं कोपऱ्यात दुमडलेली येतात, जुना कागद असेल तर दुमडलेला कोपरा तुटूनच हातात येतो, फार वाईट वाटतं. स्टीलची यू-पिन लावली तर मुंबईच्या पावसाळ्यात तिला गंज चढतो आणि पानावर तांबडा डाग कायमचा राहतो. चिकट चिठ्ठ्यांचा गोंद मागे राहतो, आणि जुन्या कागदावरून ती ओढून काढली तर कधी कधी छपाईच सोबत निघते. साधं रबरबँड काही महिन्यांत उन्हाने-दमटपणाने चिकट होतं आणि पुठ्ठ्याला धरून बसतं. बसचं मशीनवालं तिकीट ठेवणारे पण खूप आहेत, त्याने पुस्तकाचं काही बिघडत नाही पण ते इतकं पातळ असतं की टिकत नाही.

शेवटी मी स्वतःच एक बनवला, वर्ष होत आलं, रोज वापरतेय. शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात पाव इंची चपटं इलास्टिक मीटरवर मिळतं, ते घेतलं. आपली नेहमीची पुस्तकं आणि ए-५ साइजच्या वह्या साधारण २१ सेंटीमीटर उंच असतात, म्हणजे मागून-पुढून फेरा ४२ सेंटीमीटरचा झाला, त्यासाठी ३८ सेंटीमीटर इलास्टिक कापायचं आणि टोकं एक सेंटीमीटर एकमेकांवर ठेवून शिवून टाकायची. यापेक्षा घट्ट करू नका, पेपरबॅकचा पुठ्ठा वाकतो, माझं एक पुस्तक तसं वाकलंय. मग ऑफिसात मिळते ती पारदर्शक प्लास्टिकची फाइल, तिची १३ सेंटीमीटर लांब आणि ३ सेंटीमीटर रुंद पट्टी कापली, कोपरे गोल केले नाहीतर पान फाटतं, आणि एका टोकाला कटरने दोन चिरा देऊन त्यातून इलास्टिक ओवलं. पट्टीच्या काठावर परमनंट मार्करने सेंटीमीटरच्या खुणा केल्या.

आता वाचून झालेली पानं आणि पुढचा पुठ्ठा मिळून त्यांच्याभोवती हे इलास्टिक उभं बसवायचं, पानाच्या बाहेरच्या समासात. पट्टी आडवी राहते आणि वर-खाली सरकते, थांबलात त्या ओळीखाली आणून सोडायची. पर्समध्ये पुस्तक उलटंपालटं झालं तरी हलत नाही. पारदर्शक असल्याने खालचा मजकूर पण दिसतो. पुठ्ठ्याच्या बाजूने इलास्टिकला पेन अडकवता येतं, त्यामुळे वहीला तर हा फारच उपयोगी, पुढचं कोरं पान लगेच उघडतं, समास आखायला वेगळी स्केल नको. माझ्या सासूबाईंना वाचताना ओळ चुकते, त्यांना ही पट्टी एकेक ओळ खाली सरकवत वाचायला दिली आणि त्या आता पुन्हा रोज दुपारी वाचायला बसतात. याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

एक गैरसोय आहे ती सांगते, बरीच पानं पुढे गेलात की इलास्टिक काढून पुन्हा घालावं लागतं. मला त्याची सवय झाली.

आता मुख्य मागणी. आपले प्रकाशक, पुस्तकांची दुकानं प्रदर्शनात बुकमार्क फुकट वाटतात, गुळगुळीत कागदावर नव्या पुस्तकांची जाहिरात छापलेले. ते दिसतात छान पण पहिल्याच प्रवासात पडतात. त्याच पट्टीला एका टोकाला दोन चिरा आणि काठावर सेंटीमीटरची पट्टी छापली तर खर्च कितीसा वाढणार, आणि माणूस ती वर्षभर जपून वापरेल, म्हणजे जाहिरातही वर्षभर डोळ्यांसमोर राहील. १८९८ पासून चालू असलेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापासून गल्लीतल्या छोट्या वाचनालयापर्यंत सगळ्यांनी नवीन सभासदाला कार्डासोबत असा एकेक बुकमार्क दिला तर दुमडलेली पानं नक्की कमी होतील असं मला मनापासून वाटतं. जूनमध्ये शाळा सुरू होताना वह्यांसोबत मुलांना दिला तरी चालेल, कापायला-शिवायला मुलांना मजाही येते.

जाड बाइंडिंगच्या मोठ्या ग्रंथांना आणि शाळेच्या लाँग बुकला मात्र हे माप पुरत नाही आणि लांब इलास्टिक लावलं की पट्टी ढिली पडून सरकते. त्यासाठी कुणी काही केलं असेल तर याच सदरात जरूर कळवावं.

आपली एक वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई